ते क्रिकेटवाले नव्हते

गेल्या रविवारी माझ्या भाच्याचा संघ ११-० असा हरला. पाऊस, घोट्यापर्यंत चिखल, समोर वयाने नसली तरी अंगाने थोराड मुले, आणि आमचा हा गोलकीपर. जे व्हायचे ते झाले. कोल्हापुरात फुटबॉलमध्ये हरलेला मुलगा लपून राहू शकत नाही, कारण पेठेतल्या पानवाल्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सर्वांना निकाल आधीच कळलेला असतो. संध्याकाळी तो पायरीवर बसून बुटांच्या स्टडमधला चिखल काडीने उकरत होता, तेवढ्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्याच्या सख्ख्या काकांनी एक संदेश पुढे ढकलला आणि वर स्वतःची एक ओळ जोडली: ‘‘तुझ्याहून जास्त गोल खाणारेही होऊन गेले आहेत, पण ते बिचारे क्रिकेटवाले होते.’’

हा संदेश त्याआधी मला तीन ठिकाणांहून आला होता आणि तिन्ही वेळा मी तो पुसून टाकला होता. या वेळी भाच्याने फोन माझ्यापुढे धरला आणि विचारले, ‘‘मामा, ते खरंच क्रिकेटवाले होते?’’ म्हणून हे लिहिणे आले.

संदेशाचा सारांश असा. १८८५ साली स्कॉटलंडमध्ये फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धेचे आमंत्रण टपालातल्या घोटाळ्यामुळे ‘ओरायन’ नावाच्या फुटबॉल क्लबऐवजी त्याच नावाच्या क्रिकेट क्लबला गेले. त्या भोळ्या क्रिकेटपटूंनी ‘बॉन अकॉर्ड’ असे नवे नाव घेतले आणि आयुष्यात कधी फुटबॉलला पाय न लावता आर्ब्रोथ नावाच्या गावी जाऊन तिथल्या व्यावसायिक खेळाडूंशी सामना खेळला. निकाल ३६-०. आर्ब्रोथचा गोलकीपर छत्रीखाली उभा राहिला. हा जागतिक विक्रम आजतागायत कोणी मोडलेला नाही, आणि त्या गावाला आज दुसरी कसलीही ओळख नाही. खाली जाळीत अडकलेल्या चेंडूचे एक करड्या रंगाचे छायाचित्र, आणि शेवटी ठळक अक्षरांत तात्पर्य: ज्याचे काम त्यानेच करावे.

जे खरे आहे ते आधी मान्य करून टाकतो. सामना झाला होता. शनिवार, १२ सप्टेंबर १८८५ रोजी स्कॉटिश कपच्या पहिल्या फेरीत, आर्ब्रोथच्या गेफील्ड मैदानावर, अ‍ॅबर्डीनच्या बॉन अकॉर्डला आर्ब्रोथने ३६-० असे हरवले. मध्यंतराला १५-० होते, म्हणजे उत्तरार्धात आणखी २१ झाले. जॉकी पेट्री या एकट्या आघाडीवीराने १३ गोल केले. छत्रीची गोष्टही, नाइलाजाने का होईना, मान्य करावी लागते. आर्ब्रोथचा गोलकीपर जिम मिल्न याच्यापर्यंत चेंडू पोहोचलाच नाही आणि पावसात तो एका प्रेक्षकाच्या छत्रीचा आडोसा घेऊन उभा राहिला, हे त्या सामन्याच्या बहुतेक वर्णनांत येते. एवढे सोडले तर संदेशातले जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठे ना कुठे घसरलेले आहे, आणि सर्वांत जास्त घसरले आहे ते नेमके ज्यावर सगळा डोलारा उभा आहे ते टपालाचे वाक्य.

स्कॉटिश कप ही आमंत्रणाची स्पर्धा नव्हती. स्कॉटिश फुटबॉल असोसिएशन १८७३ मध्ये स्थापन झाली ती क्लबांनी एकत्र येऊन, आणि करंडकही त्या सभासद क्लबांचाच होता. क्लबाने सभासद व्हायचे, स्पर्धेत आपले नाव घालायचे, आणि मग सोडतीत जो प्रतिस्पर्धी वाट्याला येईल त्याच्याशी खेळायचे, अशी ही रीत होती. १८८५ पर्यंत शंभराहून अधिक क्लब नावे घालत होते, आणि एवढ्या साऱ्यांना देशभर हिंडवणे परवडणारे नसल्यामुळे सुरुवातीच्या फेऱ्यांची सोडत विभागवार होत असे. उत्तर-पूर्व किनाऱ्यावरच्या आर्ब्रोथची गाठ तिथून सुमारे ८० किलोमीटरवरच्या अ‍ॅबर्डीनच्या संघाशी पडली ती यामुळे. आता या सगळ्यात ‘आमंत्रणपत्र’ कोणी, कोणाला आणि कशासाठी लिहायचे? लग्नाची पत्रिका चुकीच्या कुलकर्ण्यांकडे गेली आणि तेच जेवून गेले, अशा धर्तीवर रचलेली ही गोष्ट आहे. लग्नाला ती शोभते. जिथे नाव घातल्याशिवाय सोडतीच्या चिठ्ठीवर यायची सोय नाही, तिथे ती बसत नाही.

नावाचीही तीच गत. ‘बॉन अकॉर्ड’ हे काही घाईघाईत चढवलेले सोंग नाही. ते अ‍ॅबर्डीन शहराचे शतकानुशतके चालत आलेले ब्रीद आहे आणि शहराच्या मानचिन्हावर कोरलेले आहे. अ‍ॅबर्डीनच्या मुलांनी क्लब काढून त्याला बॉन अकॉर्ड म्हणणे हे आपल्याकडे एखाद्या मंडळाने ‘शिवाजी’ किंवा ‘शाहू’ हे नाव घेण्याइतके साधे आहे, त्यात कोणाला काही लपवायचे नसते. ओरायन नावाचा फुटबॉल क्लब अ‍ॅबर्डीनमध्ये होता हे मात्र खरे. पुढे १९०३ मध्ये ओरायन, व्हिक्टोरिया युनायटेड आणि जुना अ‍ॅबर्डीन असे तीन क्लब एकत्र येऊन आजचा अ‍ॅबर्डीन फुटबॉल क्लब झाला. अर्धे सत्य म्हणतात ते हेच: नाव खरे, गाव खरे, आणि मधला टपालवाला मात्र कल्पनेतला.

त्या काळी असल्या घोटाळ्यावर कोणी गप्प बसले असते का, हेही पाहावे. याच मैदानावर आदल्या मोसमात, म्हणजे १८८४-८५ च्या स्कॉटिश कपमध्ये, आर्ब्रोथने ग्लासगोच्या रेंजर्सला ४-३ असे हरवले होते. पराभूत रेंजर्सनी घरी तार केली ती ‘परसातल्या हिरवळीवर हरलो’ अशा अर्थाची, आणि मग चक्क मैदान मोजले. रुंदी नियमातल्या ५० यार्डांपेक्षा ११ इंच कमी भरली. तक्रार गेली, ती मान्य झाली, सामना पुन्हा खेळवला गेला आणि रेंजर्सनी तो ८-१ असा जिंकला. वीतभर जमिनीवरून जिंकलेला सामना हातचा जातो अशी शिस्त, किंवा वकिली म्हणा, त्या स्पर्धेत होती. अशा ठिकाणी एका क्लबाच्या जागी भलताच क्लब, तोही भलत्याच खेळाचा, नाव बदलून उतरला असता तर खऱ्या ओरायनवाल्यांनी टोपी उडवून ‘जाऊ द्या’ म्हटले असते, हे ज्याला पटते त्याने खुशाल संदेश पुढे पाठवावा.

आणि ज्यांना एवढ्यानेही पटत नाही, त्यांच्यासाठी त्याच दिवसाची दुसरी गोष्ट आहे, जी या संदेशातून जाणूनबुजून किंवा अज्ञानाने गाळलेली आहे. त्याच शनिवारी, त्याच स्पर्धेच्या त्याच फेरीत, आर्ब्रोथपासून जेमतेम २७ किलोमीटरवरच्या डंडी शहरात डंडी हार्प या क्लबाने अ‍ॅबर्डीन रोव्हर्सचा ३५-० असा पराभव केला. अ‍ॅबर्डीनचे दोन संघ, एकच दिवस, दोन गावे, एकूण ७१ गोल. मग रोव्हर्सनाही पत्र चुकूनच गेले होते काय? ते कोण होते, गोल्फवाले? दोन सारख्या पराभवांपैकी एकासाठी टपालखात्याला जबाबदार धरायचे आणि दुसऱ्याबद्दल अवाक्षर काढायचे नाही, याला इतिहास म्हणत नाहीत.

दोन्ही पराभवांना पुरून उरेल असे साधे कारण समोर आहे. स्कॉटलंडचा फुटबॉल वाढला तो ग्लासगो आणि क्लाइड नदीच्या आसपासच्या गावांत. अ‍ॅबर्डीनला तो उशिरा पोहोचला. तिथला अ‍ॅबर्डीन नावाचा जुना क्लबच मुळी १८८१ सालचा. आर्ब्रोथचा क्लब १८७८ चा आणि गेफील्डवर त्यांचा खेळ १८८० पासून. तीनचार वर्षांचा हा फरक आज किरकोळ वाटेल, पण जेव्हा चेंडू एकट्याने पळवत नेण्याऐवजी साथीदाराकडे देत देत पुढे जाण्याची विद्या अजून गावोगाव पोहोचत होती, तेव्हा ती शिकलेल्यांच्या पुढे न शिकलेले कसे उभे राहणार? नवख्यांना हरायला क्रिकेटवाले असावे लागत नाही. फुटबॉलवाला नवखा असला तरी पुरते. माझ्या भाच्याला हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

मग हे क्रिकेट आले कुठून? माझा तर्क सांगतो. तो तर्कच समजावा. त्या सामन्याबद्दल ‘स्कॉटिश अ‍ॅथलेटिक जर्नल’ या तेव्हाच्या क्रीडापत्राने जे लिहिले ते पुढे वारंवार उद्धृत झाले आहे. चेंडू खांबांमधून ४१ वेळा गेला आणि त्यांपैकी पाच वेळा गोल नाकारला गेला, असे त्यात म्हटले आहे. ४१ वजा ५ बरोबर ३६, हिशेब चोख. पुढे बातमीदार लिहितो की प्रेक्षकांत इथे तिथे काही हौशी मंडळी कागद-पेन्सिल घेऊन, क्रिकेटच्या सामन्यात धावा लिहून घ्याव्यात तसे गोल टिपून घेताना दिसत होती. क्रिकेट आले आहे ते इतकेच, आणि तेही प्रेक्षकांच्या वहीपुरते. उपमा प्रेक्षकांना दिली होती, ती सव्वाशे-दीडशे वर्षांच्या सांगोवांगीत घसरत घसरत खेळाडूंच्या अंगावर गेली असावी. एक गोष्ट तर्काच्या पुढची आहे. ज्या बातमीदाराला गोल मोजणारी माणसे पाहून क्रिकेट आठवते, त्याच्या डोळ्यांपुढे अकरा खरे क्रिकेटपटू फुटबॉल खेळून ३६ गोल खात असते, तर तो हा विनोद सोडून देता काय? असली चेष्टा आयती हातात आल्यावर गिळून टाकणारा बातमीदार मी तरी पाहिलेला नाही.

पंच डेव्ह स्टॉर्मंट यांच्या आठवणीप्रमाणे त्यांनी सात गोल नाकारले होते, आणि आर्ब्रोथचे खेळाडू इतक्या वेगाने आणि इतक्या दाटीने गोलापाशी येत की ऑफसाइड होती की नव्हती हेच सांगता येत नसे. पाच की सात, यात मी जर्नलच्या बाजूने आहे, कारण त्याची बेरीज जुळते. पण पंचांच्या सांगण्यातला वेग आणि दाटी महत्त्वाची आहे. हरणाऱ्यांच्या मूर्खपणापेक्षा जिंकणाऱ्यांचा खेळ त्यातून जास्त दिसतो, आणि संदेश लिहिणाऱ्याला नेमके तेच दाखवायचे नव्हते.

बाकीचे मुद्दे फार वेळ घेण्याच्या लायकीचे नाहीत. ‘व्यावसायिक खेळाडू’ हे धडधडीत चूक आहे. इंग्लंडने पैसे घेऊन खेळणे कायदेशीर केले ते त्याच वर्षी, जुलै १८८५ मध्ये. स्कॉटलंडने त्याला मान्यता दिली ती १८९३ मध्ये. म्हणजे १२ सप्टेंबरच्या त्या सामन्यात दोन्ही बाजूंचे बावीसही जण नियमाने हौशी होते. छायाचित्राबद्दल तर हसावे की रडावे कळत नाही. गोलाला जाळी लावण्याची कल्पना लिव्हरपूलच्या जॉन अलेक्झांडर ब्रॉडी या अभियंत्याची, आणि ती आली १८८९ नंतर. १८८५ च्या सामन्यात जाळीत अडकलेला चेंडू दाखवणे म्हणजे पानिपतावर दुर्बिणीच्या जागी मोबाइल दाखवण्यासारखे आहे.

‘विक्रम आजतागायत अबाधित’ हेही निम्मेच खरे. मादागास्करमध्ये ३१ ऑक्टोबर २००२ रोजी एएस अडेमा या संघाने १४९-० असा विजय मिळवला, पण तो मिळवला असे म्हणणेही अवघड, कारण पंचांच्या आधीच्या निर्णयांवर चिडलेल्या प्रतिस्पर्ध्यांनी निषेध म्हणून सगळे गोल स्वतःच्याच गोलात मारले होते. आकड्याने विक्रम तो. खेळून केलेल्या गोलांचा विचार केला तर वरिष्ठ फुटबॉलमध्ये आर्ब्रोथचे नाव अजून वर आहे, एवढे मी कुरकुरत का होईना देऊन टाकतो. पेट्रीच्या १३ गोलांचा विक्रम मात्र गेला. फ्रान्समध्ये डिसेंबर १९४२ मध्ये लान्सच्या स्तेफान स्तानिसने एका सामन्यात १६ केले. आंतरराष्ट्रीय सामन्यात १३ चा आकडा ऑस्ट्रेलियाच्या आर्ची थॉम्पसनने ११ एप्रिल २००१ रोजी गाठला, अमेरिकन सामोआविरुद्ध, ३१-० मध्ये.

राहिला तो ‘गावाला दुसरी ओळख नाही’ हा शेरा, आणि तो वाचून मला खरोखर राग आला. स्कॉटलंडच्या इतिहासात आर्ब्रोथ हे नाव १३२० सालच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यामुळे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. धुरावर भाजलेला तिथला हॅडॉक मासा युरोपात भौगोलिक मानांकन मिळालेला आहे. क्लबाला ‘लाल दिवेवाले’ अशा अर्थाचे जे टोपणनाव आहे ते मासेमारी होड्यांना बंदराची वाट दाखवणाऱ्या लाल दिव्यावरून पडले. गेफील्ड मैदान उत्तर समुद्राला इतके लागून आहे की वादळात लाटांचे तुषार भिंतीवरून आत येतात आणि वारा फिरला की उंच मारलेला चेंडू मारणाऱ्याकडेच परत येतो. नुसत्या फुटबॉलचे म्हणाल, तर २०२१-२२ च्या मोसमात या सुमारे २४ हजार वस्तीच्या गावाचा संघ, ज्यातले खेळाडू दिवसा नोकऱ्या करून संध्याकाळी सराव करत, स्कॉटलंडच्या दुसऱ्या श्रेणीत दुसरा आला. संघातला एक जण तर कचरागाडीवर कामाला होता. त्यांच्याभोवती पूर्णवेळ पगारी खेळाडूंचे क्लब होते. २२ एप्रिल २०२२ रोजी किल्मार्नॉकच्या मैदानावरचा सामना त्यांनी जिंकला असता तर विजेतेपदाचा निकाल आणखी लांबला असता. ते आघाडी घेऊनही शेवटच्या मिनिटांत २-१ हरले. पुढे बढतीच्या सामन्यांत इन्व्हर्नेसविरुद्ध टायब्रेकरवर हरले. अशा क्लबाला एका पावसाळी शनिवारात कोंबून ठेवायचे, आणि तोही शनिवार खोटा सांगायचा.

जाता जाता, किल्मार्नॉकचा क्लब १८६९ मध्ये काढला तो हिवाळ्यात काहीतरी खेळ हवा म्हणून क्रिकेट खेळणाऱ्यांनीच. तेव्हा क्रिकेटवाल्याने फुटबॉलला पाय लावला की हसे होते, हे तात्पर्यही स्कॉटलंडात जाऊन कोणाला सांगू नये.

डंडी हार्पच्या सामन्यातली एक गोष्ट मात्र संदेशात असती तर मी सगळे माफ केले असते. त्या सामन्याच्या पंचांनी ३७ गोल टिपले होते. हार्पच्या चिटणिसांच्या कागदावर ३५ होते. एवढ्या धबडग्यात आपलीच मोजणी चुकली असेल म्हणून पंचांनी चिटणिसांचा आकडा धरला, आणि विक्रम २७ किलोमीटर पलीकडच्या आर्ब्रोथला गेला. हार्पवाल्यांनी स्वतःच्या चिटणिसाला त्या रात्री काय ऐकवले असेल, याची कल्पना कोल्हापुरातल्या कोणालाही करता येईल.

हे सगळे मी भाच्याला पायरीवरच सांगितले. टपाल, रेंजर्स आणि ११ इंच त्याने बऱ्यापैकी लक्ष देऊन ऐकले, पण तो अडकला जाळीपाशी. ‘‘म्हणजे गोल झाला की चेंडू मागे लांब जायचा?’’ हो म्हणालो. ‘‘आणि गोल खाल्ला की मधून सुरुवात आपल्यालाच करायची?’’ तेव्हाही तेच होते, म्हणालो. त्याने बोटांवर काहीतरी मोजले. मग म्हणाला, ‘‘म्हणजे तो चेंडू आणून ते पस्तीस-छत्तीस वेळा मध्यावर गेले.’’ मी मान हलवली. काकांना काही उत्तर पाठवायचे आहे का विचारले, तर नको म्हणाला, आणि बूट धुवायला नळापाशी गेला. मंगळवारी पुन्हा सराव होता.